जोड थोराड, गडी लहान

मंडळी, गेल्या भाद्रपदातली गोष्ट. शाळूच्या पेरणीआधी बियाण्याला गंधक कसे चोळावे ते दाखवायला मी एका वाडीवर गेलो होतो. किलोला चार ग्रॅम गंधकाची बारीक भुकटी, मडक्यात बियाण्याबरोबर नीट घोळायची, म्हणजे दाण्यावर काणी धरत नाही. एवढे सांगून झाले, चहा झाला, माणसे पांगली. घरधनी मात्र खांबाला टेकून रेंगाळले.

"साहेब, एक विचारायचं हुतं. शेतीतलं न्हाई."

"विचारा की दादा."

"धाकटी पोरगी नववीत हाय. शाळंतनं ज्युदोला निवडलीया. पुढल्या आठवड्यात जिल्ह्याला जायचं. पण तिथल्या पोरी शहरातल्या. पाच-पाच वर्सं शिकल्याल्या, हिच्यापरास वीतभर उंच. हिला अजून सा म्हयनं बी झालं न्हाईत. धाडावी का नको?"

आतून आजीबाईंचा आवाज आला, "जत्रंत पंच जोड बघून कुस्ती लावत्यात. तिथं कुणी जोड बघत न्हाई व्हय?"

पोरगी उंबऱ्यात उभी होती. तोंड दुपारच्या रोपासारखे मलूल. विचारता विचारता कळले की आदल्या दिवसापासून तिने अन्न घेतलेले नाही. लिंबूपाणी तेवढे, तेही घोटभर. तिचे वजन साडेएक्केचाळीस किलो. स्पर्धेत एक गट चाळीसच्या आतला, त्याच्यावरचा चव्वेचाळीसच्या आतला. कुणीतरी तिच्या डोक्यात भरवले होते, की दीड किलो उतरव, म्हणजे खालच्या गटात लहान पोरी मिळतील.

मी स्वतः ज्युदो खेळलेलो नाही. गावच्या तालमीत चार वर्षे लाल माती अंगाला लावली, तेवढीच माझी पुंजी. पण कुस्तीचा नाद असलेला माणूस या विद्येकडे आपोआप ओढला जातो, आणि कॉलेजात असल्यापासून तिच्याविषयी मिळेल ते मी वाचत आलो आहे. त्या दिवशी ओट्यावर बसून घाईने जे बोललो, ते आज सवडीने तुमच्यापुढे मांडतो. शाळांच्या स्पर्धांत आता ज्युदो असतो, आणि हा प्रश्न आज ना उद्या तुमच्याही ओट्यावर येईल.

आधी हा खेळ काय आहे ते पाहू. जपानात जिगोरो कानो नावाचे एक शिक्षक होऊन गेले. जन्म १८६० चा. अंगाने किरकोळ, शाळेत दांडगी पोरे त्यांना सतावत, म्हणून ते जुजुत्सू ही जुनी विद्या शिकायला गेले. तिच्यातले घातकी प्रकार बाजूला काढून, उरलेल्याला शिस्त लावून, १८८२ साली टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात त्यांनी आपली तालीम सुरू केली. जागा किती, तर बारा चटयांची. त्या तालमीचे नाव कोडोकान. आज जगभर खेळतात तो ज्युदो तिथला.

आपल्या कुस्तीत गडी लंगोटावर असतो, ज्युदोत जाड सुती अंगरखा आणि कमरेला पट्टा. पकड घ्यायची ती अंगरख्याची, म्हणजे गळपट्टीची नाहीतर बाहीची. समोरच्याला जोरात आणि स्वच्छ पाठीवर आपटला की कुस्ती संपली. त्याला इप्पोन म्हणतात, आपली चितपटच. जमिनीवर ठराविक वेळ दाबून धरला तरी इप्पोन.

या दोन विद्यांची एक जुनी गाठही आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणले, हे तुमच्या घरातल्या पोराटोरांना ठाऊक असेल. त्याच गटात सुवर्णपदक घेतले ते जपानच्या शोहाची इशीने. हा इशी मूळचा ज्युदोचा गडी. महायुद्धानंतर परक्यांच्या अमलात जपानी शाळांतून ज्युदोवर बंदी आली, तेव्हा तो कुस्तीकडे वळला. आपल्या खाशाबांच्या वाट्याला आलेला हा गडी ज्युदोच्या चटईवर घडलेला होता.

आता आजीबाईंच्या प्रश्नाकडे येतो. ज्युदोत वजनाचे गट असतात, म्हणजे जोड बघितली जाते. पण एक स्पर्धा अशी आहे की तिथे जोड बघतच नाहीत. ऑल जपान अजिंक्यपद. टोकियोच्या बुदोकान सभागृहात दरसाल २९ एप्रिलला होणारी ही स्पर्धा अनेक वर्षे जपानी ज्युदोची सर्वांत मानाची समजली गेली. तिथे वजनाचा काटाच नाही. येईल त्याने यावे, समोर येईल त्याच्याशी लढावे. साहजिकच ती जड गड्यांची मिरासदारी झाली.

१९९० साली या स्पर्धेत तोशिहिको कोगा नावाचा बावीस वर्षांचा तरुण उतरला. तो लहानसहान गडी नव्हता बरे का! आदल्या वर्षी बेलग्रेडला तो ७१ किलो गटाचा जगज्जेता झाला होता. पण उंची जेमतेम पाच फूट सात इंच आणि त्या दिवशीचे वजन पंचाहत्तर-शहात्तर किलो. आजूबाजूला शंभर किलोंच्या पुढचे गडी. तुमच्या गोठ्यातल्या खोंडाला वळूच्या कळपात सोडावे तसा देखावा. एकेक लढत मारत हा गडी अंतिम फेरीत पोचला.

तिथे समोर कोण? नाओया ओगावा. सव्वासहा फुटांच्या वर उंची, वजन सुमारे १३० किलो. वयाने दोघे बरोबरीचे, पण ओगावा आदल्या सालचा ऑल जपान विजेता, आणि वजनाची अट नसलेल्या गटात १९८७ आणि १९८९ असा दोनदा जगज्जेता. पुढे त्याने ऑल जपान एकूण सात वेळा जिंकली. म्हणजे अंग मोठे आणि त्या मैदानातला मुरब्बीपणाही मोठा.

तुम्ही म्हणाल, शहात्तर किलोचा माणूस शंभराच्या पुढच्यांना हरवतो तरी कसा? इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण आपल्याला उपयोगी पडेल ते इथेच आहे.

कोगाचा हुकमी डाव म्हणजे इप्पोन सेओई नागे. आपल्याकडे धोबीपछाड म्हणतात त्याच्या जवळचा. एका हाताने समोरच्याला ओढायचे, गर्रकन पाठ फिरवून त्याच्या पुढ्यात शिरायचे, दुसरा हात त्याच्या काखेखाली घालून दंड खांद्यावर घट्ट धरायचा, आणि पाठीवरून त्याला पुढे टाकायचे. बाजार समितीतला हमाल आठवा. क्विंटलचे पोते तो हातांनी उचलत नाही. गुडघे वाकवून त्याच्याखाली जातो, पाठ लावतो, पोते स्वतःच पुढे कलले की त्याच क्षणी उठतो. पोते कलायच्या आधी उठला तर कंबर गेली, आणि कलून गेल्यावर उठला तर पोते भुईवर. सगळा खेळ त्या एका क्षणाचा.

माणूस मात्र पोत्यासारखा गप्प उभा राहत नाही. म्हणून त्याला आधी कलवावा लागतो. याला जपानीत कुझुशी म्हणतात, तोल मोडणे. बुटक्याला इथे एक सवड मिळते. उंच गड्याची कंबर वर असते, त्याखाली शिरायला बुटक्याला फारसे वाकावे लागत नाही. उंचाला मात्र बुटक्याच्या खाली जायचे तर अर्धे बसावे लागते. दुसरे असे, की जड गडी आपल्या वजनावर विसंबतो. तो पुढे रेटत येतो. रेटणाऱ्याला मागे रेटू नये, त्याच दिशेला ओढावे, म्हणजे त्याचा जोर आपल्या कामी येतो. ढकलणाऱ्या बैलापुढे उभा राहणारा गडी तुम्ही पाहिला नसेल. शहाणा गडी बाजूला होतो आणि कासरा ओढतो.

तिसरी गोष्ट पकडीची. थोराड गड्याचा हात एकदा तुमच्या मानेमागे अंगरख्यावर बसला की संपले, तो तुम्हाला वाकवून वरून दाबणार. म्हणून लहान गड्याचा निम्मा वेळ पकड मिळू न देण्यात जातो. आपली पकड आधी घ्यायची, डाव आधी टाकायचा. त्या काळी लढत बरोबरीत सुटली तर पंच झेंडे उंचावून कौल देत, आणि कोण पुढे होऊन लढला हे बघूनच तो कौल जाई. थांबून राहणाऱ्या लहान गड्याला तिथे काही मिळत नसे.

कोगा अंतिम लढत हरला. ओगावाने पायाच्या डावाने त्याला उचलून आपटले, स्वच्छ इप्पोन. अशी-गुरुमा असे त्या डावाचे नाव. आपल्या टांगेच्या जवळचा म्हणायला हरकत नाही. जड गड्यालाही डाव येत असला आणि वेळ साधता येत असली, तर अखेर वजन वजनच असते. हे मी मुद्दाम सांगतो. लहान मोठ्याला नेहमीच हरवतो अशा गोष्टी पोरांना ऐकवणारे पुष्कळ असतात. ते खरे नाही. खरे असते तर वजनाचे गट कुणी पाडलेच नसते.

तरी जपानी माणूस ती स्पर्धा विसरला नाही. आणि कोगाही काही मोडला नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकआधी दहाएक दिवस सरावात त्याचा डावा गुडघा दुखावला. त्याच गुडघ्यावर लढून त्याने ७१ किलो गटाचे सुवर्ण घेतले. अंतिम लढत हंगेरीच्या हायतोशशी, पंचांच्या कौलावर. पुढे तो शिक्षक झाला. त्याच्या हाताखालची अयुमी तानिमोतो २००४ आणि २००८ अशी दोनदा ऑलिंपिक विजेती झाली. २०२१ च्या मार्चमध्ये कर्करोगाने कोगा गेला, वय अवघे त्रेपन्न. माझ्याच पिढीचा माणूस. बातमी वाचली तेव्हा हळहळ वाटली.

हे झाले अंगाने मोठ्या गड्याचे. मुरलेल्या गड्याचे काय? त्याच १९९० सालच्या अखेरीस, जपानातल्या फुकुओका शहरात बायकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. ४८ किलोच्या गटात र्योको तामुरा नावाची पंधरा वर्षांची शाळकरी पोर होती. वजन बरोबरीचे, पण तिच्यासमोर आली इंग्लंडची कॅरेन ब्रिग्ज, चार वेळची जगज्जेती. पोरीने तिला हरवले आणि स्पर्धाही जिंकली. या तामुराची उंची चार फूट दहा इंचांच्या आतच. पुढे तिने पाच ऑलिंपिकमध्ये पाच पदके घेतली, त्यातली दोन सोन्याची.

पण गंमत पुढे आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपर्यंत तामुरा स्वतः मुरलेली झाली. कित्येक वर्षे तिला कुणी हरवले नव्हते. अंतिम फेरीत समोर आली उत्तर कोरियाची क्ये सुन हुई, वय सोळा. फारसे कुणी तिचे नावही ऐकलेले नव्हते. ती जिंकली. अनुभवी गड्याला नव्या गड्याची खोड माहीत नसते, नव्याला मात्र त्याच्या सगळ्या खोडी माहीत असतात. पीक पाहणीला गेलो की जुन्या बागायतदाराकडे हेच दिसते. ठाऊक असलेल्या किडीवर त्याची नजर पक्की, आणि नवी कीड आली की ती त्याच्या लक्षात येईपर्यंत निम्मे पान खाऊन गेलेली.

इथपर्यंत मी ओट्यावर बोललो तेव्हा पोरीच्या तोंडावर जरा तजेला आला होता. मग मी दादांना दुसरी बाजू सांगितली. ती तुम्हीही नीट ऐका, कारण ती कौतुकाची नाही.

जपान ही ज्युदोची मायभूमी. तिथल्या शाळांतून १९८३ पासूनच्या तीसेक वर्षांत ज्युदो खेळताना शंभरावर मुले दगावली. त्यांतली बरीच डोक्याला मार लागून, आणि त्यांत नवशिकी मुले जास्त. डोके आपटलेच पाहिजे असेही नाही. जोराच्या आपटीने मान हिसकली, तर डोक्याच्या आतली शीर तुटून रक्त साचते. नवशिक्याला मुरलेल्याने जोराने टाकले, की हा धोका सर्वांत मोठा. तिथल्या पालकांनीच हे उघड्यावर आणले, म्हणून पुढे शिक्षकांना शिकवणे सुरू झाले.

म्हणून, दादा, समोरची किती उंच हे मला विचारू नका, असे मी म्हणालो. आपली पोर पडायला शिकली आहे का, ते तिच्या सरांना विचारा. ज्युदोत पहिला धडा पडण्याचा असतो. त्याला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीला लावायची, म्हणजे टाळू भुईला लागत नाही, आणि पाठ टेकायच्या क्षणी पसरलेल्या हाताने चटईवर जोरात चापट मारायची, म्हणजे आपटीचा जोर हातावर वाटला जातो. हात टेकून पडायला गेले की मनगट नाहीतर कोपर मोडलेच. हा धडा झोपेतसुद्धा चुकता कामा नये. तो पक्का असेल तर पोर हरेल, पण घरी धड येईल. पक्का नसेल तर समोरची बुटकी असली तरी पाठवू नका. आणि लढतीनंतर डोके दुखते, ओकारी येते, नजरेला दोन दिसतात असे पोर म्हणाली, तर झोपवून ठेवू नका, त्याच पावली डॉक्टरकडे न्या. बरे वाटल्याबरोबर पुन्हा चटईवर सोडू नका.

राहिली उपासाची गोष्ट. तिथे मात्र माझा आवाज चढला. दादांची डाळिंबाची बाग आहे. त्यांना म्हटले, बहार धरायला तुम्ही झाडाला ताण देता, तो कोणत्या झाडाला?

"धरत्या झाडाला. दोन-अडीच वर्सांच्या म्होरल्या."

"आणि लावलेल्या रोपाला?"

"रोपाला कोन ताण दील, साहेब! जळंल की."

मग ही चौदा वर्षांची पोर काय धरते झाड आहे? असे मी विचारले तेव्हा दादा गप्प झाले. कळती माणसेसुद्धा यात जिवाला मुकली आहेत. १९९६ साली कोरियाचा एक नावाजलेला तरुण ज्युदोपटू ऑलिंपिकच्या निवडीसाठी वजन उतरवताना मेला. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत दीड महिन्याच्या आत कॉलेजातले तीन पैलवान असेच गेले. पाणी तोडायचे, अंगाला घाम काढायचा, आणि काटा खाली आला म्हणून खूश व्हायचे. अंगातले पाणी गेले की रक्त दाट होते, काळजावर ताण येतो, हातात पकड राहत नाही. चार किलोंचा गट राखायला जीव पणाला लावणारा हिशेब मला कधी कळलेला नाही. वरच्या गटात जा, भाकरी खाऊन जा, असे मी पोरीला सांगितले. आजीबाईंनी त्याच वेळी ताट वाढले. पोरगी आधी माझ्याकडे बघत राहिली, मग जेवली.

दादांनी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सरांना पडण्याचे विचारले. सरांनी त्यांच्यासमोर पोरीला वीस वेळा पाडून दाखवले. मग दादांनी होकार दिला.

स्पर्धेच्या दिवशी माझी जिल्ह्याला बैठक होती. ती उरकून मी सभागृहात गेलो. पोरीच्या गटात आठ जणी. पहिलीच जोड उंच, सराईत, पट्ट्याचा रंगही वरचा. तिने दोन्ही हातांनी गळपट्टी धरली आणि आमच्या पोरीला चटईभर ओढत नेले. पोर पकड सोडवी, ती पुन्हा धरी. एकदा पोर पाठ फिरवून शिरली सुद्धा, पण ओढ कमी पडली. तोल मोडायच्या आधीच शिरली होती. दीडएक मिनिटात उंच पोरीने तिला स्वच्छ उचलून टाकले. माझ्या शेजारी दादांनी डोळे मिटून घेतले. चापटीचा आवाज मात्र सभागृहभर झाला. हनुवटी छातीला, हात पसरलेला. उठली, पट्टा सारखा केला, वाकून नमस्कार करून बाहेर आली.

हरणाऱ्यांना आणखी एक संधी असते. त्या लढतीत समोर आली तीही हिच्याहून थोराड. ती रेटत रेटत पुढे आली, आणि या वेळी पोरीने वाट पाहिली. समोरचीचे वजन चवड्यांवर आले, तशी ती खाली शिरली. इप्पोन. पंचाचा हात वर गेला तरी तिला स्वतःलाच खरे वाटेना. कांस्यपदकाच्या लढतीत मात्र तिला दाबून धरले गेले, सुटता आले नाही. पदक हुकले.

एस.टी. स्टँडवर दादांनी तिला दोन वडापाव घेऊन दिले. तिने ते खाल्ले आणि तिसऱ्याची आशा धरली. तोही मिळाला.

परवा शाळूची उगवण पाहायला पुन्हा त्या वाडीवर गेलो. गोठ्यामागे पोरीने गोणपाटांत पेंढा भरून चटई केली होती आणि धाकट्या भावाला पाडायचा सराव चालला होता. ती मी बंद करायला लावली. पेंढ्याखाली फरशी होती, आणि पोराला पडता येत नव्हते. शाळेच्या मॅटवरच, सरांच्या देखत, असे बजावून सांगितले. पोरगी हिरमुसली. आजीबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यो उपास तर बंद केला न्हवं? आता येवडं बी ऐक साहेबांचं." आणि मग माझ्याकडे वळून, "पर त्या पयल्या उंच पोरीसंगं हिची जोड पुन्यांदा कवा लागायची, साहेब?"